दुसरी द्वादशी

त्र्यंबकराव पोंक्षे यांनी आयुष्यात आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर दिले होते. पुस्तकांच्या दुकानातून नुसती छापील यादी आली, तरी ते ‘यादी पोचली, आभारी आहे’ असे कार्ड टाकत. त्यांचा मुलगा मधु यावरून त्यांची थट्टा करी. म्हणे, उद्या बाबा वीजबिलालाही खुशाली कळवतील. अशा माणसाच्या टेबलाच्या खणात, पंचांगाखाली, एक पत्र दोन महिने बिनउत्तराचे पडून होते. रोज सकाळी पंचांग काढताना ते दिसे आणि पंचांग ठेवताना पुन्हा झाकले जाई.

पत्र ठाण्याच्या तुरुंगातून आलेले होते. वर तपासल्याचा शिक्का होता. अक्षर मोठे, वाकडेतिकडे आणि फार जपून काढलेले. ‘मास्तरांना काळुराम भोईरचा नमस्कार’ अशी सुरुवात होती. ‘माझ्यावर असं लिहिलंय की एकवीस डिसेंबरला संध्याकाळी मी शीळफाट्याजवळ सभा घेतली आणि मुकादमाचं घर पेटवा म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी मी तुमच्यासमोर बसून वाचत होतो. तुमच्या वहीत माझी सही आहे. तेवढं लिहून द्या. इथून पंधरवड्याला मोजकीच पत्रं धाडता येतात, म्हणून घरी न लिहिता तुम्हाला लिहितो.’ खाली सही होती. त्यातला ‘ळ’ नेहमीप्रमाणे ओळीच्या बाहेर लोंबत होता.

तो ‘ळ’ त्र्यंबकरावांनीच शिकवलेला होता.

काळुराम खाडीकाठच्या मिठागरात काम करणारा. बाप, आजा सगळे मिठातलेच. पस्तिशीला आल्यावर त्याने मिठागरातल्या माणसांची संघटना उभी केली आणि मग त्याला वाटले की आपल्याला वाचता यायला हवे. मालकाच्या कागदावर काय लिहिले आहे ते दुसऱ्याच्या तोंडून किती दिवस ऐकायचे? म्हणून आठवड्यातून दोनदा तो खाजणातला चिखल तुडवून डोंबिवलीच्या वाचनालयात येई. त्र्यंबकराव तिथे ग्रंथपाल होते, म्हणजे कुलूप काढण्यापासून वर्तमानपत्रे दांडीला लावण्यापर्यंत सगळे तेच करीत. लोकांत बोलायची त्यांना भीती वाटे. पण रोज संध्याकाळी, ज्यांना वाचता येत नाही अशा दहाबारा माणसांना ते वर्तमानपत्र वाचून दाखवीत. कागद समोर असला की त्यांचा आवाज कापत नसे.

काळुरामला त्यांनी एकच नियम घालून दिला होता. अडलं तर थांबायचं, पण गाळायचं नाही. काळुराम पहिल्यापहिल्यांदा अवघड शब्द आला की तो सोडून पुढे उडी मारी. त्र्यंबकराव पट्टीचे टोक त्या शब्दावर ठेवून गप्प बसत. मग काळुराम हसून म्हणे, “मास्तर, तुमची पट्टी मुकादमापेक्षा वाईट.” एकवीस डिसेंबरच्या त्या गुरुवारी त्याने आख्खा एक रकाना न अडखळता वाचला. ऐकणाऱ्यांतला म्हातारा गुणाजी म्हणाला, “आता हा आपल्याला लिवून पण फसवील.” सगळे हसले. त्र्यंबकरावांनी घरून आणलेला तिळाचा लाडू काळुरामच्या हातावर ठेवला होता. हे सगळे त्यांना लख्ख आठवत होते. आणि आठवत होते हेच पुढे त्यांना सोसेना.

वाचनालयाची एक जुनी रीत होती. संस्थापक स्वदेशीच्या काळातले कडवे गृहस्थ. त्यांनी घालून दिले होते की हजेरीच्या वहीत इंग्रजी तारीख किंवा वार घालायचा नाही, फक्त मराठी महिना आणि तिथी. इंग्रज गेला तरी रीत राहिली. त्र्यंबकराव रोज सकाळी पंचांग पाहून पानाच्या माथ्यावर तिथी लिहीत आणि येणारा आपल्या हाताने खाली नाव लिही. आता तिथीचे असे असते की एखादी लांबते आणि दोन सूर्योदय गाठते. मग लागोपाठ दोन दिवस एकच तिथी येते. अशा वेळी दुसऱ्या पानावर ‘दुसरी’ असा शब्द घालायचा, हेही ठरलेले होते. पंचवीस वर्षे त्र्यंबकराव तो शब्द कधी विसरले नव्हते.

जानेवारीत काळुरामला पकडले. खटला नाही, आरोपपत्र नाही, नुसते स्थानबद्ध करून ठाण्याला नेले. पकडण्याची कारणे त्याला कळवली, त्यावर त्याने सरकारला उत्तर दिले की त्या वेळी मी वाचनालयात होतो. ते खरे की खोटे हे पाहायला फेब्रुवारीत पोलीस चौकीवरचा पंढरी जमादार वाचनालयात आला. माणूस वाईट नव्हता. पाणी मागून प्यायला, आणि सहज म्हणाला की तुमच्या मधुच्या रेल्वेतल्या नोकरीचे चारित्र्याचे कागदही माझ्याकडेच आलेत, दोघांचे एकदमच उरकून टाकतो. त्यात धमकी नव्हती. पण त्र्यंबकरावांनी न मागताच त्याला आणखी पाणी दिले.

जमादाराने विचारले, एकवीस डिसेंबरला काळुराम भोईर इथे होता का? त्र्यंबकरावांच्या ओठांवर ‘हो’ आले होते. पण आयुष्यभर त्यांनी स्वतःच्या आठवणीपेक्षा लिहिलेल्या कागदावर जास्त विश्वास ठेवला होता. त्यांनी पंचांग काढले. एकवीस तारखेला मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी. वही उघडली, द्वादशीचे पान काढले. पानावर अकरा नावे होती आणि काळुरामचे नव्हते. त्यांनी पुन्हा वाचले, तरी नव्हते.

“नाही,” ते म्हणाले. “त्या दिवशी त्याची सही नाही.”

जमादाराने ते लिहून घेतले, खाली त्र्यंबकरावांची सही घेतली आणि तो गेला. त्र्यंबकराव वही मिटायला गेले तेव्हा पान उलटले. पुढच्याही पानावर त्यांच्याच हाताने लिहिले होते, मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी. ‘दुसरी’ हा शब्द नव्हता. मागचे पान वीस तारखेचे, हे एकवीसचे. आणि सातव्या ओळीवर, ओळीच्या बाहेर लोंबणारा ‘ळ’ होता.

जमादार अजून रस्त्याच्या वळणावर दिसत होता. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती.

त्र्यंबकरावांनी हाक मारली नाही. आधी त्यांना वाटले, उद्या चौकीवर जाऊन सांगू. मग वाटले, मधुचे कागद एकदा जाऊ देत. चार दिवसांनी काळुरामचे पत्र आले आणि मग त्यांना वाटले, आता सांगितले तर विचारतील, चार दिवस काय करत होता? पुढे चाराचे आठ झाले, आठाचे पंधरा, आणि प्रत्येक दिवसाबरोबर खरे सांगणे जास्तच अवघड होत गेले. उत्तराचा मायना त्यांनी अनेकदा लिहिला. ‘चि. काळुराम यास’ एवढे लिहून पुढे लेखणी चालेना. आपल्याला अशी माणसे पुस्तकांत किती वेळा भेटली आणि आपण त्यांना किती सहज नावे ठेवली, हे आठवून ते कागद फाडून टाकत.

मार्चच्या सुरुवातीला काळुरामची बायको बायजा आली. ती वाचनालयाच्या पायरीवर उभी राहिली, आत आली नाही. तिने विचारले, आमच्या घरच्यांचा कागद तुमच्याकडे आला का? या पंधरवड्यात घरी काहीच आले नाही. तुम्हाला लिहिला असेल तर त्यात माझ्यासाठी, पोरीसाठी काही आहे का तेवढे वाचून सांगा.

पत्र खणात होते. खण त्र्यंबकरावांच्या गुडघ्याला लागत होता.

“नाही आला,” ते म्हणाले.

बायजा बरं म्हणाली आणि पदर सावरून निघून गेली. तिला काही संशय आल्याचे दिसले नाही. मास्तर खोटे बोलतील हे तिच्या मनातही येणे शक्य नव्हते, आणि त्र्यंबकरावांना त्याचाच जास्त त्रास झाला.

काळुरामने तुरुंगातल्या दुसऱ्या स्थानबद्धांच्या मदतीने हायकोर्टात हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला होता, मला कोर्टापुढे उभे करा आणि कोणत्या कायद्याने डांबले ते सांगा, असा. महिनाअखेर तो फेटाळला गेला. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली. हुकूम कायद्याप्रमाणे निघाला आहे की नाही एवढेच कोर्ट पाहील, त्यातली कारणे खरी की खोटी हे पाहणे कोर्टाचे काम नव्हे, असा निकालाचा मथितार्थ होता. त्या संध्याकाळी दहाबारा माणसे बाकांवर बसली होती. त्र्यंबकराव वाचत वाचत त्या चार ओळींपाशी आले आणि खालच्या सोन्याच्या भावावर गेले. कुणाला कळले नाही. पंचवीस वर्षांत त्यांनी गाळलेली ती पहिली बातमी.

त्याच आठवड्यात मधुला नोकरीचे पत्र आले. घरात पेढे आले. त्र्यंबकरावांनी एक पेढा तोंडात घातला आणि त्यांच्या ध्यानात आले की आता आपल्याजवळ कारणही उरलेले नाही. तरी त्यांनी उत्तर लिहिले नाही.

एप्रिलात बायजा पुन्हा आली. या वेळी तिच्या हातात रुमालात बांधलेला कागद होता आणि ती सरळ आत येऊन बाकावर बसली. दुपारची वेळ होती, दुसरे कुणी नव्हते. तिने सांगितले की ठाण्याला भेट मिळाली, तेव्हा नवऱ्याने हा इंग्रजी कागद दिला. सरकारने कोर्टात काय म्हटले त्याची नक्कल आहे. कोर्टाने नाही म्हटले तरी नव्या कायद्याने एक सल्लागार मंडळ नेमले आहे, त्याच्यापुढे पुन्हा अर्ज जायचा आहे, आणि ते मंडळ खरेखोटे पाहते. संघटनेच्या लोकांनी ठाण्याच्या नौपाड्यातला एक वकील धरला आहे. सगळे कागद सोमवारपर्यंत द्यायचे.

“यात काय लिवलाय ते मना वाचून दावा,” ती म्हणाली. “मास्तरांकडनंच वाचून घे म्हणाले. दुसऱ्या कुणाकडनं नको.”

त्र्यंबकरावांनी चष्मा लावला. टंकलेली तीन पाने होती. ते एक एक वाक्य मनात वाचून मराठीत सांगू लागले. अर्जदाराचे नाव, गाव, धंदा. सभा, जागा, तारीख. बायजा मान हलवत होती. दुसऱ्या पानाच्या तळाशी त्यांना स्वतःचे नाव दिसले.

“अर्जदाराचे म्हणणे असे की तो त्या वेळी वाचनालयात होता,” ते वाचत गेले. “याबाबत चौकशी करता… एका गृहस्थांनी असे सांगितले की त्या तारखेस अर्जदाराची सही नाही. सबब अर्जदाराचे म्हणणे खोटे आहे.”

“कोन गृहस्थ?”

टेबलावर पट्टी पडलेली होती. ती त्या नावावर कुणी ठेवली नव्हती, तरी त्र्यंबकरावांना ती तिथे दिसली.

“नाव नाय लिवला?”

“लिहिलंय,” ते म्हणाले. “त्र्यंबक विनायक पोंक्षे. मी.”

बायजाने त्यांच्याकडे पाहिले. त्र्यंबकरावांनी उठून वही आणली आणि तिच्यापुढे दोन्ही पाने उघडली. तिला वाचता येत नव्हते, पण नवऱ्याची सही तिने ओळखली आणि तिच्यावर बोट ठेवले. मग त्यांनी तिथी कशी लांबते, शब्द कसा राहिला, घाईत पहिलेच पान कसे उघडले, सगळे सांगितले. सांगताना त्यांचे त्यांनाच कळत होते की आपण चूक फार नीट समजावून सांगतो आहोत.

तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, “ही चूक तुमाला कवा कळली?”

हाच प्रश्न दोन महिने ते पंचांगाखाली झाकून ठेवत होते.

“त्याच दिवशी,” ते म्हणाले. “जमादार रस्त्यावर होता तेव्हाच.”

“आणि कागद? त्यांचा कागद आलाच नव्हता ना?”

त्र्यंबकरावांनी खण ओढला, पंचांग उचलले आणि पत्र काढून तिच्या हातात दिले. तिने ते उलटसुलट केले, शिक्का पाहिला, आणि परत त्यांच्यापुढे ठेवले.

“मी पोरीला सांगितला होता, बाबाचा कागद नाय आला या बारीला,” ती म्हणाली. मग म्हणाली, “त्यांना ठाऊक हाय तुमचा नाव. त्यांच्या संगतीतल्या शिकलेल्या माणसानं वाचून दावला. मी म्हटला, मग कशाला त्यांच्याकडं जाऊ? तर म्हणाले, जा. मास्तर मोठ्यानं वाचतील तर गाळायचे नाय. त्यांनीच शिकवलाय.”

त्र्यंबकरावांनी आधी गाळले होते. तिने विचारले नसते तर ते गृहस्थ शेवटपर्यंत बिननावाचेच राहिले असते. तेही आता तिला सांगावे असे त्यांना वाटले, पण ती ते पाहूनच बसली होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. वाचनालयाला कुलूप लावून त्र्यंबकराव वही छातीशी धरून बायजाबरोबर निघाले. आधी कल्याणला कचेरीत जाऊन शपथेवर लिहून द्यायचे, असे ठरवले होते, पण बायजा म्हणाली की आधी वकिलाला दाखवू, नाहीतर पुन्हा काहीतरी चुकेल. ते तिच्या मागोमाग नौपाड्यात वकिलाच्या जिन्यावर चढले.

वकील तरुण आणि चटपटीत होते. दोन द्वादशी पाहून ते खूशच झाले. पंचांगाचे पान मागवले, दोन्ही पानांच्या नकला करायला सांगितल्या, आणि मसुदा भराभर सांगू लागले. मी अमुक तमुक, ग्रंथपाल, वाचनालयात अशी रीत आहे की, वगैरे. मग म्हणाले, “सदरहू चूक नुकतीच माझ्या लक्षात आली.”

त्र्यंबकरावांनी मान वर केली. “नुकतीच नाही. त्याच दिवशी लक्षात आली.”

वकिलांनी लेखणी थांबवली. त्यांनी समजुतीच्या स्वरात सांगितले की काका, ते कशाला लिहायचं? वही पुरेशी आहे. तुम्ही जाणूनबुजून गप्प बसलात असं लिहिलं तर तुमच्यावरच काही निघेल, आणि मंडळही म्हणेल की हा साक्षीदार भरवशाचा नाही. अशिलाचं नुकसान होईल.

हा मुद्दा खरा होता आणि त्यात त्र्यंबकरावांची सुटकाही होती. त्यांनी बायजाकडे पाहिले. ती दाराशी जमिनीवर बसली होती. आपण खरे सांगायचे म्हणून हट्ट धरतो आहोत, की स्वतःचे मन हलके करायला काळुरामचा अर्ज पणाला लावतो आहोत, हे त्यांना ठरवता येईना. त्यांना कशाचीच खात्री कधी वाटत नसे. शेवटी त्यांनी तिलाच विचारले, “बायजाबाई, काय करू? तुम्ही सांगा.”

“त्यांनी काय सांगितला होता?” ती म्हणाली. “गाळू नका.”

वकिलांनी खांदे उडवले आणि खोडून लिहिले. मग कल्याण झाले, कचेरीतल्या अधिकाऱ्यापुढे शपथ झाली, सही झाली. कारकुनाने नाव विचारले तेव्हा त्र्यंबकरावांचा आवाज इतका बारीक निघाला की त्याने दोनदा विचारले. परत नौपाड्यात येऊन कागद वकिलांच्या हातात दिला तेव्हा तीन वाजले होते. वकील म्हणाले, आता तुमचं काम संपलं, तुम्ही घरी जा, सोमवारी मी हा मंडळापुढे ठेवतो. काय होईल ते आज सांगता येत नाही.

बायजा घरी गेली. जाताना तिने नमस्कार केला नाही, पण जिन्यात थांबून म्हणाली की खाली एक पायरी मोडकी हाय, बघून उतरा.

त्र्यंबकराव घरी गेले नाहीत. कोपऱ्यावरच्या टपाल कचेरीत जाऊन त्यांनी पाकीट घेतले, आणि तिथल्याच शाईने काळ्या पडलेल्या फळीवर, दोरीला बांधलेल्या टाकाने, पत्र लिहिले. मायन्याला ‘चि.’ लिहिण्याचा अधिकार आपल्याला राहिलेला नाही असे वाटून त्यांनी नुसतेच ‘काळुराम यास’ लिहिले.

‘तुझे पत्र फेब्रुवारीतच पोचले. उत्तराला उशीर झाला असे लिहिणार होतो, पण उशीर झाला नाही, मी उत्तर दिले नाही. तुझी सही दुसऱ्या द्वादशीच्या पानावर सातव्या ओळीत आहे. ती मला त्याच दिवशी दिसली होती. मी भ्यालो. तसे आज शपथेवर लिहून दिले आहे. तुझे पत्र आलेच नाही असे मी बायजाबाईंना सांगितले, तेही खोटे. तुझ्या सुटकेची बातमीही मी वाचताना गाळली असती की काय, ठाऊक नाही. अर्ज फेटाळल्याची तर गाळलीच. उद्या संध्याकाळी ती वाचीन. मंडळ काय ठरवील ते मला माहीत नाही. क्षमा माग असे मन म्हणते, पण पत्रातून मागणे सोपे आहे, म्हणून मागत नाही. तू सुटलास तर वाचनालयात येशील की नाही, हे तू ठरव.’

त्यांनी ते एकदा वाचले. त्यांना ते फार कोरडे वाटले, मग फार नाटकी वाटले. फाडावे असे वाटून हात कागदाच्या कडेपर्यंत गेलाही. मग त्यांनी घडी घातली, पत्ता लिहिला आणि रजिस्टर करायला खिडकीत दिले.

खिडकीतल्या बाईंनी पत्ता वाचला, ठाण्याचा तुरुंग, आणि पाकीट उलटे केले. मागची बाजू कोरी होती.

“पाठवणाऱ्याचं नाव राहिलंय, आजोबा.”

मागे दोन माणसे उभी होती. त्यांतला एक पुढे वाकून पत्ता वाचत होता. त्र्यंबकरावांनी पाकीट परत घेतले, टाक बुडवला आणि नाव लिहिले, पूर्ण, बापाच्या नावासकट. शाई वाळेपर्यंत ते फुंकर घालत राहिले. मग त्यांनी पाकीट खिडकीतून आत सरकवले, आणि बाईंनी त्यावर शिक्का मारला.